संशोधनाच्या सामायिक संगणकजाळ्यांचे नियोजन : युरोपीय प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा (१९८६-२००८)

प्रास्ताविक

विज्ञानाच्या इतिहासात प्रयोगशाळा, वेधशाळा आणि विद्यापीठे यांची दखल घेतली जाते. त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या तारांची दखल क्वचितच घेतली जाते. युरोपातील राष्ट्रांनी आपल्या संशोधकांसाठी एक सामायिक संगणकजाळे उभारण्याचा जो दीर्घ प्रयत्न केला, तो या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. या प्रयत्नात नियोजन विपुल झाले, नियोजकांचे तांत्रिक भाकीत चुकले, आणि तरीही जाळे उभे राहिले. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रारंभीची विखुरलेली जाळी

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्थिक साहाय्याने १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झाले. १९७३ मध्ये नॉर्वेतील नॉरसार ही भूकंपमापन संस्था आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज ही युरोपातील केंद्रे त्यास जोडली गेली. परंतु हा प्रवेश मोजक्यांपुरता मर्यादित होता. पुढील दशकात प्रत्येक राष्ट्राने आपापली व्यवस्था केली. ब्रिटनचे जॅनेट हे जाळे १९८४ मध्ये सुरू झाले, ते स्वतःच्या वेगळ्या संदेशवहन-नियमांवर. आयबीएम कंपनीच्या साहाय्याने उभे राहिलेले अर्न हे जाळे अनेक राष्ट्रांत पसरले, तथापि त्याची घडण त्या एका कंपनीच्या तंत्राभोवती झालेली होती. या साऱ्यावर आणखी एक बंधन होते. बहुतेक राष्ट्रांत दूरसंचारावर सरकारी टपाल व तार खात्यांची मक्तेदारी होती आणि सीमा ओलांडणाऱ्या भाड्याच्या वाहिनीचे दर सामान्य विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे होते.

आराखडा आणि प्रत्यक्ष व्यवहार

या परिस्थितीवर उपाय म्हणून १९८६ मध्ये राष्ट्रीय संशोधन जाळ्यांची 'रेअर' ही संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास युरेका या सहकार्य कार्यक्रमाखाली 'कोसाइन' प्रकल्प हाती घेण्यात आला. दोहोंचा पाया एकच होता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सिद्ध केलेली 'ओएसआय' ही नियमावली सर्वांनी स्वीकारावी, म्हणजे कोणत्याही कंपनीचा संगणक कोणत्याही संगणकाशी बोलू शकेल, अशी ही कल्पना होती. अमेरिकेतून आलेली टीसीपी/आयपी ही पद्धती तात्पुरती सोय मानली जात होती. आज हा निर्णय हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे, पण तो तसा नव्हता. एका कंपनीच्या किंवा एका राष्ट्राच्या तंत्राला बांधले जाऊ नये ही चिंता रास्तच होती. आणि कागदावर ओएसआय अधिक परिपूर्णही होते. उणीव एवढीच होती की, त्यावर चालणारी साधने वेळेवर व स्वस्तात हाती येत नव्हती.

कोसाइनचे 'इक्सी' हे आंतरराष्ट्रीय जाळे १९९० मध्ये सुरू झाले. त्याच्या वाहिन्यांची क्षमता सेकंदाला ६४ किलोबिट होती. तोपर्यंत संशोधकांनी आपली वाट निवडली होती. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेने १९८९ मध्ये टीसीपी/आयपीचे आपले दार बाहेरच्या जगासाठी उघडले. त्याच वर्षी ही पद्धती वापरणाऱ्यांचा 'राइप' हा अनौपचारिक मंच अस्तित्वात आला. ब्रिटनमधील अनुभव तर विशेष बोलका आहे. जॅनेटवर १९९१ मध्ये ही सेवा प्रयोगादाखल दिली गेली आणि वर्ष संपण्यापूर्वीच तिच्यावरील वाहतूक जुन्या पद्धतीच्या वाहतुकीपेक्षा अधिक झाली. समित्यांमधील वाद त्यानंतरही चालू राहिले. निकाल मात्र वापरणाऱ्यांनी दिलेला होता.

हाच पेच त्याच वर्षांत भारतातही होता. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट'मध्ये मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी ही संस्था, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग सहभागी होते. परदेशाशी जोडणारा दुवा एनसीएसटीत होता व तिचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचा या कार्यात मोठा वाटा होता. अर्नेटने दोन्ही पद्धती आपल्या जाळ्यावर चालविल्या. १९९५ नंतर जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली. कोणत्याही एका पद्धतीस बांधून न घेण्याचे हे धोरण तत्कालीन युरोपीय आराखड्यांच्या तुलनेत अधिक शहाणपणाचे ठरले, असे म्हणावे लागते.

खर्च कोणी उचलावा?

नियोजकांचे लक्ष नियमावलीवर खिळले असताना खरा प्रश्न दुसराच होता : जाळे कोणाच्या मालकीचे असावे आणि त्याचा खर्च कसा वाटावा? १९९३ मध्ये राष्ट्रीय संशोधन जाळ्यांनी केंब्रिज येथे 'दान्ते' ही स्वतःच्या मालकीची संस्था काढली. वाहिन्या भाड्याने घेणे, दरांची घासाघीस करणे आणि खर्च वाटून घेणे ही रूक्ष कामे तिच्याकडे आली. खर्चाचा एक भाग युरोपीय आयोग उचलत असे, उरलेला सभासद राष्ट्रे देत. ही व्यवस्था तंत्रज्ञानाच्या प्रत्येक स्थित्यंतरातून टिकून राहिली.

मक्तेदारीचा अडसर मात्र चटकन दूर झाला नाही. १९९७ मध्ये टेन-३४ हे जाळे सुरू झाले; नावातील आकडा सेकंदाला ३४ मेगाबिट या क्षमतेचा होता. १ जानेवारी १९९८ रोजी युरोपीय संघातील बहुतेक राष्ट्रांत दूरसंचार क्षेत्र स्पर्धेसाठी खुले झाले आणि त्या वर्षाअखेर टेन-१५५ आले. २००१ च्या अखेरीस कार्यान्वित झालेल्या 'जिऑन' जाळ्याच्या प्रमुख वाहिन्या सेकंदाला १० गिगाबिट क्षमतेच्या होत्या. इक्सीशी तुलना करता अकरा वर्षांत झालेली ही वाढ दीड लाख पटींहून अधिक होय! तिचे श्रेय तंत्रज्ञानाइतकेच दर उतरविणाऱ्या स्पर्धेला द्यावयास हवे.

विषमतेचा प्रश्न

जेथे स्पर्धा पोहोचली नाही, तेथील संशोधक मात्र मागे राहिले. २००२-०३ मध्ये झालेल्या 'सेरेनेट' या अभ्यासाने भविष्यातील जाळ्यांचा विचार करताना नेमके यावर बोट ठेवले. एकाच खंडातील विद्यापीठांना मिळणाऱ्या सुविधांत प्रचंड तफावत होती आणि तिचे एक प्रमुख कारण त्या त्या देशातील दूरसंचार बाजारपेठेची स्थिती हे होते. भाड्याने क्षमता घेण्याऐवजी न वापरलेली, म्हणजे प्रकाशसंदेश न सोडलेली तंतुवाहिनीच ताब्यात घ्यावी आणि यंत्रे आपली बसवावीत, हा मार्ग या काळात पुढे आला. पोलंडच्या संशोधन जाळ्याने तर स्वतःची तंतुवाहिनी टाकली. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो व स्लोवाकियातील ब्रातिस्लावा ही शहरे अशाच तंतूने जोडली गेली. म्हणजे तुलनेने कमी संपन्न राष्ट्रांनीच या बाबतीत पुढाकार घेतला. २००४ मध्ये सुरू झालेल्या जिऑनच्या दुसऱ्या टप्प्यात हीच पद्धती मोठ्या प्रमाणावर अवलंबिली गेली.

२००६ मध्ये अर्नेट सेकंदाला ४५ मेगाबिट क्षमतेच्या वाहिनीने जिऑनशी जोडले गेले. सर्नच्या महाप्रयोगातील विदेचे विश्लेषण करणाऱ्या केंद्रांपैकी एक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असल्याने भारताच्या दृष्टीने युरोपशी असलेल्या संपर्काचे महत्त्व उघड होते.

त्यानंतरच्या 'अर्नेस्ट' या २००६ ते २००८ मधील अभ्यासात नियोजकांची दृष्टी प्रथमच खंडांतर्गत वाहिन्यांवरून खाली, विद्यापीठाच्या आवारापर्यंत आली. राजधान्यांदरम्यान दहा गिगाबिटची वाहिनी असली, तरी प्रयोगशाळेतील टेबलापर्यंत पोहोचणारी जुनी तार आणि अपुरे तंत्रज्ञ यांमुळे संशोधकाच्या पदरी थोडेच पडते, हे त्यांस दिसून आले. या शेवटच्या काहीशे मीटरांचा खर्च ना युरोपीय आयोगाच्या अंदाजपत्रकात बसत होता, ना दान्तेच्या. तो ज्या त्या विद्यापीठाने करावयाचा होता.