अंबादेवीच्या दारात माय

माय ऐंशीची झाली तेव्हा म्हणाली, "मले एकडाव अंबादेवीले ने."

मी चाळीस वर्षं चळवळीत. भाषणात तेहतीस कोटींचा निकाल लावणारा. घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरं कोणी नाही. आणि मायची ही मागणी. वस्तीतल्या एका कार्यकर्त्या पोराच्या कानावर गेलं तर तो म्हणाला, "म्हातारी फितूर झाली." त्या एका शब्दासाठी हे लिहायला बसलो. पोरानं इतिहास अर्धाच वाचला होता.

मित्रांनो, १९२७ साल आपल्याला पाठ आहे. मार्चात महाडचं पाणी, २५ डिसेंबरला मनुस्मृतीची होळी. मधला नोव्हेंबर मात्र आपण गिळून टाकतो. १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. विषय एकच, अंबादेवीचं देऊळ. पंजाबराव देशमुख या लढ्यात होते. परिषद चालू असताना तार आली, बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम वारले. घरात मढं आणि इथं देवळाच्या दाराचा प्रश्न.

देवी आपल्याला नवी होती का? मुळीच नाही. गावकुसाबाहेरची मरीमाय आपल्याच गळ्यात बांधलेली. पटकीची साथ आली की तिचा गाडा महारानं ओढायचा. रेडा मारायचा तर महार पाहिजे. साथ, रक्त, मढं जिच्या वाट्याला ती देवी आपली. सोन्याची नथ जिच्या नाकात ती त्यांची. अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं रुक्मिणीला पळवून नेलं, अशी आख्यायिका तिथले भाविक कौतुकानं सांगतात. म्हणजे पोरगी पळवणाऱ्या राजपुत्राला देऊळ मोकळं अन् नारळ घेऊन आलेल्या महारणीला बंद! हा कुठला न्याय, हे पुजाऱ्याला कोणी विचारावं?

तेव्हा बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. मूर्ती पाहून मिळणाऱ्या समाधानाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. स्पृश्याचा जेवढा हक्क तेवढाच अस्पृश्याचा, हे त्या उंबऱ्यावर सिद्ध करायचं होतं. अमरावतीचा सत्याग्रह पुढं ढकलला गेला, पण प्रश्न पेटलेलाच राहिला. १३ ऑक्टोबर १९२९ ला पुण्यात पर्वतीवर शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे साथी चढले. वरून दगड आले. राजभोज जखमी झाले. पुढच्या मार्चात नाशिकचा काळाराम. तिथंही दगडच.

बरोबर सहा वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा. तारीख तीच पडली, हा योगायोग. पण डोक्यात तयारी आधीच झाली होती. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना कळवलं होतं की देवळाचे सत्याग्रह आता पुरे. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ते आपण सुरू केलेच नव्हते. ती आपल्या माणसांना जागं करण्याची वाट होती. ताकद आता राजकारणाकडं आणि शिक्षणाकडं वळवा.

मग १९५६. बावीस प्रतिज्ञांतली तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला नाकारते. लोकांनी देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. माझ्या बापानं सोडले. माय काठावर उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. ते गाठोडं वर्षानुवर्षं तिच्या हातानं शेंदूर लावलेलं होतं, हे आपल्या इतिहासात कुठं येतं? धर्मांतर आपण पुरुषांच्या तोंडून सांगतो. सभा, ठराव, तारखा. मीही आत्ता तेच करत होतो.

तर मी मायला नेलं. बाहेर ओटीची दुकानं, हार, रेवड्या. रांगेत तिनं माझा दंड धरला. "आता हटकत नाई ना कोनी?" मी म्हटलं, "नाही. घटनेत लिहिलंय." पंचविसाव्या कलमात सार्वजनिक देवळं हिंदूंच्या सगळ्या वर्गांना खुली करायची सोय आहे. आम्ही बौद्ध, तरी घोकून ठेवलेलं. पुढचा गृहस्थ वळून पाहायला लागला. मी गप्प झालो.

उंबऱ्याशी ती थांबली. मागून ढकलाढकल. "माही माय इथवर बी आली नाई. दुरूनच हात जोडे."

मला वाटलं होतं, ती नुसतं दार बघायला आली असेल. सत्याग्रहाची राहिलेली बाकी वसूल करायला. मला ते सोयीचं होतं, पोराला सांगता आलं असतं. पण तसं नव्हतं. तिनं ओटी भरली. कुंकू लावून घेतलं. डोळे मिटून किती वेळ उभी राहिली. मी हात जोडले नाहीत. तिनंही मला जोड म्हटलं नाही.

सत्तावीस साली जे दार मागितलं गेलं ते तिच्यासारखीसाठीच होतं. तिच्या मायसाठी होतं. तिनं छप्पन्नला देव सोडले, हेही खरं. जयंतीला निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून सगळ्यात पुढं चालणारी बाई ही. फितूर हा शब्द मी त्या पोराला परत घ्यायला लावला. भांडण झालं. तो अजून बोलत नाही.

बाहेर येऊन तिनं पदरानं कपाळ पुसलं. अर्धं कुंकू राहिलं, अर्धं गेलं.

"पाह्यलं बाप्पा," म्हणाली. "चाल आता, चहा पाज."