घोरपड : शिकारीचा इतिहास आणि पैदाशीचा प्रश्न

सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे अजिंठा लेण्यांच्या जवळचे गाव असून, वाघूर नदीच्या खोऱ्यातील कोरडे पानझडी रान, बेसाल्टच्या कपारी आणि वारुळे यांनी बनलेला असा मुलूख घोरपडीला, म्हणजे ‘व्हॅरॅनस बेंगालेन्सिस’ या सरड्याच्या वर्गातील मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याला, विशेष मानवतो. माणसाचा या प्राण्याशी संबंध फार जुना आहे. तथापि तो जवळजवळ सर्वस्वी रानातून पकडून आणण्याचा राहिला, पाळून वाढविण्याचा नव्हे.

धर्मशास्त्रांनी भक्ष्य मानलेल्या पाच नखांच्या प्राण्यांत ‘गोधा’ म्हणजे घोरपड आहे, तर पाली जातकांत बोधिसत्त्व घोरपडीच्या जन्मात आल्याच्या कथा आहेत. मुधोळच्या घोरपडे घराण्याचे नाव, घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्याच्या बहमनी काळातील आख्यायिकेशी जोडले जाते. गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणले जाई, तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्स आणि पादत्राणांसाठी कातडी परदेशी जाऊ लागली. मांस व चरबी औषधी असल्याच्या समजुतीने शिकारीला आणखी बळ दिले.

इतकी मागणी असूनही पैदास का रुजली नाही, याचे कारण प्रजननाच्या रीतीत आहे. नर व मादी बाहेरून जवळजवळ सारखेच दिसत असल्याने जोडी जुळविणे हीच पहिली अडचण ठरते. मादी पावसाळ्याच्या सुमारास जमिनीत किंवा वारुळात बीळ खणून बहुधा वीस-पंचवीस अंडी घालते. वारुळातील उष्णता व दमटपणा बराचसा स्थिर राहतो, म्हणून ती जागा नैसर्गिक उबवणी-पेटीचे काम करते. बंदिस्त जागेत मातीची खोली, ओलावा किंवा तापमान पसंत न पडल्यास मादी अंडी पोटातच रोखून धरते आणि ही अवस्था, म्हणजे अंडी अडकणे, तिच्या जिवावर बेतू शकते. अंडी मिळाली तरी ती अनेक महिने उबवावी लागतात. त्यात ओलावा वाढला तर बुरशी येते आणि घटला तर ती आकसतात. शिवाय उन्हाची तीव्र ऊब व फिरण्याची जागा न मिळाल्यास प्राणी सुस्त व स्थूल होतो. घोरपडीच्या कुळातील कोमोडो ड्रॅगनची इंडोनेशियाबाहेरची पहिली यशस्वी पैदासही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात 1992 मध्येच झाली.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश असून तिला पकडणे, पाळणे वा विकणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. गोव्यात घुमटासाठी आता बकरीचे कातडे वापरले जाते. पैदाशीचे ज्ञान प्राणिसंग्रहालयांना व जखमी प्राण्यांच्या उपचारांना उपयोगी असले, तरी ते रानाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून अजिंठ्याच्या डोंगररांगेत वारूळ फोडू नये, वणवा लावू नये आणि घोरपड दिसल्यास तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. तिच्या रक्षणाचा सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय हाच आहे.