विमान हरवले, वावड्या उठल्या

चिंचपाड्याच्या स्टेशनावर आम्ही चार-पाच जण संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. जवळच्या एका शाळेतले व्याख्यान आटोपून मी परत निघालो होतो, आणि तिथली शिक्षक मंडळी मला पोचवायला आली होती. आकाशात फार उंचावरून एक विमान पांढरी रेघ ओढीत गेले. ते दिसेनासे होताच एका तरुण गुरुजींनी विचारले, "सर, ते मलेशियाचं विमान शेवटी गेलं कुठं हो?" मी तोंड उघडण्यापूर्वीच दुसऱ्याने उत्तर दिले, "जातंय कुठं! लपवून ठेवलंय. मोठ्या राष्ट्रांचं काम आहे ते." तिसऱ्याचे म्हणणे, वैमानिकानेच ते बुडवले. चौथ्याने तर ते एका बेटावर उतरवूनही दाखवले. गाडी येईपर्यंत त्या एका विमानाचे चार शेवट झाले. "हे कशावरून?" असे मात्र कोणीही कोणाला विचारले नाही.

वाचकहो, "कशावरून?" हा इतिहासाचा पहिला धडा आहे. म्हणून त्या संध्याकाळी गाडीच्या गडबडीत राहून गेलेले उत्तर आज सावकाश देतो.

आधी जे ठाऊक आहे ते पाहू. २०१४ सालच्या ८ मार्चला, मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४२ मिनिटांनी, मलेशियातील क्वालालंपूरहून एक प्रवासी विमान चीनची राजधानी बीजिंगकडे निघाले. त्यात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, असे २३९ जीव होते. निम्म्याहून अधिक प्रवासी चीनचे होते. आपल्या भारतातलेही ५ जण होते. १ वाजून १९ मिनिटांनी विमानातून शुभरात्रीचा निरोप आला. पुढच्या दोन-तीन मिनिटांतच ते हवाई वाहतुकीच्या पडद्यावरून नाहीसे झाले. हवा वाईट नव्हती. मदतीसाठी हाकही आलेली नव्हती.

पहिले काही दिवस शोध चालला तो नेहमीच्या मार्गावर, म्हणजे पूर्वेच्या समुद्रात. पुढे मलेशियाच्या लष्करी रडारची नोंद तपासली तेव्हा कळले, की विमान मागे वळून पश्चिमेकडे आले होते आणि २ वाजून २२ मिनिटांपर्यंत दिसत होते. मग अंदमानच्या समुद्रात आपल्या नौदलाची जहाजे आणि विमानेही शोधाला लागली. हाती काही आले नाही.

विमान गेले, आणि त्याच्यामागून वावड्या उठल्या. दोन तरुण चोरीच्या पासपोर्टांवर त्यात चढल्याचे उघडकीस आले, आणि हा घातपातच असे लोक म्हणू लागले. चौकशीअंती कळले, की ते युरोपात आसरा शोधायला निघालेले इराणी तरुण होते. तेलाचा तवंग दिसला. तो त्या विमानाचा नव्हता. उपग्रहाच्या चित्रात पांढरे तुकडे दिसले. तिथे काही सापडले नाही. कोणी ते दिएगो गार्सियाच्या अमेरिकन तळावर उतरवले, तर कोणी थेट कझाकस्तानात नेले. मालदीवच्या एका बेटावरील लोकांनी सांगितले, की सकाळी खूप खालून उडणारे एक विमान आम्ही पाहिले. क्वालालंपूरच्या विमानतळावर तर एक मांत्रिक नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन आला, आणि पत्रकारांच्या गराड्यात त्याने विमानाचा शोध मांडला. आपल्याकडे ढोर हरवले म्हणजे भगताकडे धाव घेणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणतो. इथे साऱ्या जगाचे कॅमेरे त्या मांत्रिकावर रोखलेले होते.

हा प्रकार विमानाच्या युगातला म्हणावा, तर तसेही नाही. आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातले उदाहरण घ्या. १८८८ सालच्या नोव्हेंबरात 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईला यायला निघाली. नाव आपल्या ओळखीचे: त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून समुद्राला मिळणाऱ्या नदीचे, आणि पुराणात यमाच्या वाटेवर लागणाऱ्या नदीचेही. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. द्वारकेला आणखी माणसे चढली. वादळामुळे पोरबंदरला न थांबता ती पुढे गेली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेच्या वर माणसांसह नाहीशी झाली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, आणि मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेली मुलेही होती. शोधासाठी आगबोटी धाडल्या. ना फळी मिळाली, ना प्रेत. पुढे सरकारी चौकशी बसली. तिथे बोटीवरच्या जीवरक्षक साधनांची उणीव पुढे आली. पण लोकांच्या ध्यानात चौकशी राहिली नाही. त्यांच्या ध्यानात राहिला कप्तान हाजी कासम, त्याच्याविषयीच्या दंतकथा, आणि गुजरातेत घरोघर गायली गेलेली गाणी. अधिकाऱ्याने बंदरात "जाऊ नका" म्हणून बजावले होते, अशीही एक कथा आहे. ती आजही सांगतात. तिला आधार मात्र मिळालेला नाही.

असे का होते? माणूस मुळात लबाड असतो म्हणून नव्हे. मोठ्या घटनेला मोठेच कारण असले पाहिजे, असे मनाला वाटते. दोनशे एकोणचाळीस माणसे एखाद्या क्षुल्लक बिघाडाने गेली असतील, हे पचत नाही. त्यापेक्षा कटकारस्थान पचते. कट म्हटला म्हणजे निदान कोणाला तरी सारे ठाऊक आहे, एवढे समाधान राहते. त्यात अधिकाऱ्यांनी आज एक आणि उद्या दुसरे सांगितले, की संशयाला खतपाणी मिळते. मलेशियात नेमके तेच झाले. तेव्हा वावडीचा दोष नुसत्या ऐकणाऱ्याच्या पदरी टाकणे बरे नव्हे. वेळेवर आणि सरळ न बोलणाऱ्यांकडेही त्यातला वाटा जातो.

मग अंदाज बांधूच नये की काय? तसेही नाही. अंदाज आणि वावडी यांत फरक आहे, तो ह्याच विमानाच्या बाबतीत चांगला दिसतो. रडारवरून नाहीसे झाल्यावरही ते विमान सुमारे तासातासाने एका उपग्रहाला हुंकार देत होते. शेवटचा हुंकार सकाळी ८ वाजून १९ मिनिटांचा. त्यात ठिकाण नव्हते. पण संदेश जाऊन यायला किती वेळ लागला, यावरून विमान किती अंतरावर आहे ते काढता आले. बैल खुंट्याला दाव्याने बांधला आहे आणि दावे ताणलेले आहे, एवढेच आपल्याला ठाऊक असले तर काय म्हणू? तो खुंट्याभोवतीच्या वर्तुळावर कुठेतरी आहे. कुठे, ते सांगता येणार नाही. वर्तुळाबाहेर नाही, हे मात्र छातीठोकपणे सांगता येईल.

आता वर्तुळावर उत्तरेला की दक्षिणेला? चिंचपाड्याच्या फलाटावर उभे राहून न थांबणाऱ्या गाडीची शिटी ऐका. गाडी जवळ येताना शिटी बारीक आणि चढी लागते. पुढे गेली की तीच शिटी उतरलेली ऐकू येते. विमानाच्या संदेशाच्या लहरींतही असाच चढउतार होता. त्यावरून शास्त्रज्ञांनी दक्षिण दिशा ठरवली. २०१४ सालच्या २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी जाहीर केले, की विमानाचा शेवट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात झाला.

हा अंदाजच होता. पण तो खोटा ठरू शकेल असा अंदाज होता, आणि हाच त्याचा मोठेपणा. उद्या त्या विमानाचे पंख कझाकस्तानात मिळाले असते, तर शास्त्रज्ञांना आपले गणित पुसावे लागले असते. तसे झाले नाही. २०१५ सालच्या जुलैत, विमान गेल्यावर जवळजवळ सतरा महिन्यांनी, आफ्रिकेच्या बाजूच्या रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग वाहून आला. तो त्याच विमानाचा ठरला. पुढे मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर, मॉरिशस ह्या किनाऱ्यांवरही तुकडे मिळाले. म्हणजे विमान समुद्रात पडले हे ठाऊक झाले. नेमके कुठे पडले, ते नाही. १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा प्रदेश, धुंडाळून २०१७ च्या जानेवारीत तो शोध थांबवण्यात आला. २०१८ च्या सरकारी अहवालाने सरळ लिहिले, की कारण निश्चित करता येत नाही. २०२५ साली मलेशियाने एका खासगी कंपनीशी "सापडले तरच पैसे" असा करार केला.

"कारण निश्चित करता येत नाही" हे वाक्य लिहायला धैर्य लागते. आम्हा शिकवणाऱ्यांना तर जास्तच लागते. वर्गात मुलाने प्रश्न विचारला की काहीतरी ठोकून देण्याचा मोह होतो.

आणि हा काही नुसता पांडित्याचा वाद नाही. आपल्या भागातून दर हंगामाला टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातात. काही वर्षांपूर्वी चिंचपाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा तरुण टोळीबरोबर गेला, तो परत आलाच नाही. त्याचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी, म्हणून हे मला ठाऊक. कोणी म्हणाले, सुरतेला गिरणीत दिसला. भाऊ सुरतेला जाऊन आला. कोणी म्हणाले, वापीला हॉटेलात आहे. तो वापीला गेला. कोणी म्हणाले, लग्न करून सुखात आहे. कोणी म्हणाले, नदीत वाहून गेला. सांगणाऱ्याचे काय गेले? घरातल्या दोन शेळ्या गेल्या, पोराचे कॉलेजचे वर्ष गेले. आईचे तर कोणी मोजलेच नाही. मी भेटलो की ती एवढेच विचारते, "भाऊ, कोणी खरं काही सांगितलं का?"

तिच्या प्रश्नातला 'खरं' हा शब्द ध्यानात घ्या. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही, की कायदा माणूस गेला असे धरून चालू शकतो. मलेशिया सरकारने तर २०१५ च्या जानेवारीतच त्या विमानातील सर्वांना मृत मानल्याचे जाहीर केले. कागद पुरे झाले, पण घरच्यांची वाट पाहणे त्याने थांबले नाही. अशा दाराशी आपण उडत आलेली गोष्ट नेऊन टाकतो, तेव्हा आपली करमणूक होते आणि त्यांची जखम ओली होते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक साधी गोष्ट सुचवतो. गावात एखादी बातमी उठली की फळ्यावर तीन रकाने आखा: 'ठाऊक आहे', 'अंदाज आहे', 'म्हणतात'. मुलांना एकेक वाक्य योग्य रकान्यात लिहायला लावा, आणि प्रत्येक वाक्याला "कशावरून?" हा प्रश्न विचारा. पहिला रकाना बहुधा आखूड राहील. राहू द्या. तो लांबवण्यासाठी तिसऱ्यातली वाक्ये उचलून तिकडे नेऊ नका, म्हणजे झाले.

त्या संध्याकाळी गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: विमान हिंदी महासागरात पडले, का पडले, ते अजून कळलेले नाही. उत्तर छोटे आहे. पण त्या पाड्यावरच्या आईपुढे उभे राहून सांगता येईल, अशा जातीचे आहे.