संततिनियमनाचा १९३८ चा ठराव आणि अक्राणीचा मुलूख

आमचे संग्राहक वाचक सनदा, महजर व वंशावळी मोठ्या कष्टानें जमवितात. वंशावळींत पुत्रांचीं नांवें ओळीनें सांपडतात. त्यांना जन्म देतां देतां किती माता दगावल्या, हें मात्र तींत कोठेंच नसतें. ह्या विषयाचा एक महत्त्वाचा कागद मुंबई विधानसभेच्या दप्तरांत आहे. त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

१० नोव्हेंबर १९३८ रोजीं श्री. पी. जे. रोहम यांनीं विधानसभेंत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागील युक्तिवाद डॉ. आंबेडकरांचा असून मातेच्या प्रकृतीचा विचार त्यांत प्रामुख्यानें होता. मागण्या दोन होत्या: सरकारनें जनतेंत संततिनियमनाचा जोराचा प्रचार करावा, व त्याच्या साधनांची पुरेशी सोय करावी. अनुकूल ११ व प्रतिकूल ५२ मतें पडून ठराव नापास झाला.

प्रचार तत्पूर्वींच सुरू होता. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमन केंद्र काढलें, व १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. परंतु मासिक वाचणाऱ्यापर्यंतच पोंचतें. नंदुरबार व अक्राणी हा मुलूख त्या वेळीं मुंबई इलाख्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांत मोडत असे. तेथील डोंगरांतील स्त्रियांना पहिल्या मागणीपेक्षां दुसरीचीच निकड अधिक होती.

पुढें १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला, आणि १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी सातपुड्यांतील विखुरलेल्या पाड्यांवरून गर्भवतीस बांबूच्या झोळींतून सडकेपर्यंत आणावें लागल्याचे प्रसंग घडतच राहिले. नर्मदेच्या कांठच्या पाड्यांसाठीं शासनानें तरंगते दवाखाने ठेविले. २०२० च्या साथींत एक अंगणवाडी सेविका गर्भवतींना व बालकांना तपासण्यासाठीं रोज सुमारें १८ किलोमीटर नाव वल्हवीत होती. सिकलसेलचा विकार ह्या भागांत बराच आढळतो. अशा मातेस दोन बाळंतपणांत अंतर राखणें हा जीविताचा प्रश्न होय. पण तांबी बसविण्यास शिकलेला हात लागतो व गोळ्या वेळेवर मिळाव्या लागतात. म्हणजे साधन असून भागत नाहीं. तें पाड्यावर पोंचावें लागतें. १९३८ च्या ठरावांतील ‘सोय’ ह्या शब्दाचा खरा अर्थ तो हाच.

तेव्हां जुनीं दप्तरें चाळतांना ‘समाजस्वास्थ्या’चे सुटे अंक व प्रसूतिगृहांच्या नोंदवह्या दृष्टीस पडल्यास त्या रद्दी समजून टाकूं नयेत, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे. वंशावळींनीं वगळलेल्या मातांचा इतिहास लिहिण्यास त्यांचाच आधार घ्यावा लागेल.