हजेरीपटावरचं नाव

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका, आणि तिथून पुढं केडगाव. लहानपणी मी उलट बोलले की आजी म्हणायची, "लई शहाणी झालीस, केडगावला नेऊन घालीन!" केडगाव म्हणजे टाकलेल्या बायांची जागा, एवढंच आम्हा पोरींना ठाऊक.

खरी हकिगत मोठेपणी वाचली. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला आणलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं मरायला टेकलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, त्यामुळं लोकांचा राग होताच. पण तिथं मुलींनी शेती केली, कापड विणलं, छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच बायकांनी छापलं. आजी ज्याचा धाक घालायची, तिथं बाईच्या हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर मिळत होतं.

माझ्या आईला अक्षर मिळालं नाही. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मी आठ वर्षांची, धाकट्याला सांभाळत कडेला बसायची. मुकादमानं हजेरी मांडताना तिला नाव विचारलं. तोवर ती अमक्याची सून, तमक्याची बायको. त्या दिवशी तिचं नाव कागदावर चढलं. पगाराला अंगठा तिचा, पैसेही तिच्या हातात. पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामावर बाईला आणि गड्याला दर एकच. आमच्या रानात मात्र खुरपणाऱ्या बाईची मजुरी गड्यापेक्षा कमीच राहिली. आणि सातबारावर तर बाईचं नावच नव्हतं.

1994 साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला. पण आधी लग्न झालेल्यांना नाही. माझं लग्न 1982 चं. 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. 2009 ला वडील वारले आणि तेराव्यानंतर दादानं हक्कसोडपत्र पुढं ठेवलं. "सही कर, माहेर तुझंच हाय." भावकीतल्या सगळ्या बहिणींनी तशीच सही केली होती. मीही पेन हातात घेतलं.

आई कोपऱ्यातून म्हणाली, "हजेरीवर नाव नसलं तर दिवसभर खडी फोडून पगार मिळत न्हाई. या रानात तूबी राबलीस. नाव सोडू नकोस."

मी सही केली नाही. दोन भाऊबीजा दादा आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, ओवाळून घेतलं, जमिनीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

नवा सातबारा मिळाला तेव्हा तो मी आईला दाखवला. तिनं तो उलटा धरला होता. मी सरळ करून दिला. "ह्यात माझं कुठलं?" तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. मग त्याखालच्या ओळीवर, माझ्या.