हॉइट विल्हेल्म: मागाहून येणाऱ्याची प्रतिष्ठा

समाज ज्या कामाची मोजदाद ठेवीत नाहीं, त्या कामाची कदरहि तो सहसा करीत नाहीं. घर बांधणाऱ्याचें नांव कोनशिलेवर कोरलें जातें. तेंच घर पुढें पावसाळ्यामागून पावसाळे डागडुजी करून उभें ठेवणारा मात्र निनांवी राहतो. बेसबॉल या अमेरिकेच्या आवडत्या खेळांत असाच एक वर्ग कित्येक दशकें उपेक्षित होता, आणि पुढें एका आंकड्याच्या योगानें तो मानाला चढला. त्या वर्गांतील एक विलक्षण पुरुष हॉइट विल्हेल्म याच्या चरित्रावरून ही उपेक्षा व हा मान या दोहोंचेंहि मूळ चांगलें उलगडतें. म्हणून तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

क्रिकेटमध्यें गोलंदाज आळीपाळीनें चेंडू टाकतात, व एकदां थांबविलेला गोलंदाज कर्णधाराला पुन्हां बोलावितां येतो. बेसबॉलची रीत निराळी आहे. तेथें प्रत्येक पक्षाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, एका वेळीं एकच. सामना नऊ डावांचा. आणि सामन्यांतून काढून घेतलेला खेळाडू त्या दिवशीं परत येऊं शकत नाहीं. थकलेल्या किंवा मार खाल्लेल्या पिचरच्या जागीं जो येतो तो बदली पिचर. तो येतो तेव्हां बहुधा आघाडी जेमतेम एकदोन धावांची उरलेली असते आणि तळांवर प्रतिपक्षाचे धावपटू उभे असतात. संकट दुसऱ्यानें ओढवलेलें, निवारण मात्र यानें करावयाचें!

जुन्या काळीं असल्या मदतीची गरज पडणें हेंच कमीपणाचें समजत. खेळाडू वाटेल तेव्हां बदलण्याची मुभा नियमांनीं दिली तीच मुळीं १८९१ सालीं. साय यंग या थोर पिचरनें १८९० ते १९११ या काळांत आरंभ केलेल्या ८१५ सामन्यांपैकीं ७४९ स्वतःच शेवटास नेले. तेव्हां दुसऱ्याच्या हातीं चेंडू देणें हें पराभवासारखेंच वाटत असल्यास नवल नाहीं. साहजिकच, बदली म्हणून बसविले जात ते म्हातारे होत चाललेले, उमेदवारी करणारे किंवा मूळ जागीं न टिकलेले पिचर. १९२४ सालीं वॉशिंग्टनच्या संघानें फर्पो मारबेरी या दमदार तरुणास मुख्यत्वें याच कामीं लाविलें, आणि १९५० सालीं जिम कॉन्स्टँटी हा बदली पिचर नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण हे अपवाद होते.

हिशेबाची पद्धतीहि या वर्गाला अनुकूल नव्हती. आघाडी कायमची मिळाली त्या वेळीं जो पिचर खेळांत असेल, विजय साधारणतः त्याच्या नांवें मांडला जाई. ती आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्याच्या पदरीं कांहींच पडत नसे. उलट, पूर्वीच्या पिचरनें तळांवर ठेवलेले धावपटू घरीं पोंचले तर त्या धावा पूर्वीच्याच खात्यावर जात. म्हणजे बदली पिचरचें यश वहींत दिसत नसे आणि अपयशहि पुरतें दिसत नसे.

अशा या धंद्यांत विल्हेल्म शिरला तो पुष्कळ उशिरां. १९२२ सालीं नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत त्याचा जन्म झाला. शाळकरी वयांत त्यानें डच लेनर्ड या पिचरची चेंडू धरण्याची तऱ्हा वृत्तपत्रांतील छायाचित्रांत पाहिली व ती स्वतःच गिरविली. नकल-बॉल या नांवानें ही फेक ओळखली जाते. चेंडू बोटांच्या अग्रांनीं धरून असा सोडावयाचा कीं तो हवेंत जवळजवळ फिरूंच नये. मग शिवणीवरून वाहणारी हवा त्याला कधीं इकडे तर कधीं तिकडे ढकलते, आणि तो कोठें वळेल हें फेकणाऱ्यासहि नक्की सांगतां येत नाहीं. या फेकीला वेग फारसा लागत नाहीं. म्हणून हातावर ताण कमी पडतो व पिचर वारंवार खेळूं शकतो.

महायुद्धानें त्याचीं तीन वर्षें घेतलीं. आर्देन्सच्या लढाईंत तो जखमी झाला, त्याला पर्पल हार्ट हें पदक मिळालें, आणि तोफगोळ्याचा एक तुकडा पाठींत घेऊनच तो खेळाकडे परतला. दुय्यम संघांत आणखी कांहीं वर्षें काढून १९५२ सालीं न्यूयॉर्क जायंट्सच्या संघांत तो उतरला तेव्हां त्याचें वय २९ वर्षांचें होतें. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यानें त्याला केवळ बदलीच्या कामाला लाविलें. त्या पहिल्याच हंगामांत तो ७१ सामन्यांत खेळला. एकाहि सामन्याचा आरंभ त्यानें केला नाहीं, तरी १५ विजय त्याच्या नांवावर लागले, आणि नऊ डावांमागें २.४३ या सरासरीनें तो नॅशनल लीगमधील सर्व पिचरांत पहिला आला. गंमत अशी कीं, फलंदाज म्हणून लीगमधील आपल्या पहिल्याच पाळींत त्यानें होम-रन मारला, आणि पुढील २१ हंगामांच्या कारकीर्दींत दुसरा कधींच मारला नाहीं!

बदली पिचर म्हणजे सामन्याचा आरंभ करण्यास नालायक ठरलेला, ही समजूत विल्हेल्मनें खोटी पाडली. बाल्टिमोरच्या संघांत त्याला आरंभाचें काम मिळालें तेव्हां २० सप्टेंबर १९५८ रोजीं त्यानें बलाढ्य यांकीज संघाच्या एकाहि फलंदाजास हिट घेऊं दिली नाहीं. पुढच्या वर्षीं २.१९ या सरासरीनें तो अमेरिकन लीगमध्येंहि पहिला आला. त्याची फेक झेलणाऱ्या कॅचरांची इतकी त्रेधा उडे कीं, १९६० सालीं व्यवस्थापक पॉल रिचर्ड्‌स यानें त्यांच्यासाठीं एक अवाढव्य हातमोजा करविला. एवढें होऊनहि विल्हेल्म पुन्हां बदलीच्या कामाकडेच वळला. जुलै १९७२ मध्यें नवव्या संघानें त्याला निरोप दिला तेव्हां त्याची पन्नाशी पुरी होण्यास थोडेच दिवस उरले होते, आणि त्याचे १,०७० सामने झाले होते.

दरम्यान हिशेबाची वही बदलली होती. १९५९ सालीं रॉय फेस या पिट्सबर्गच्या बदली पिचरला १८ विजय व अवघा एक पराजय अशी कीर्ति लाभली. परंतु त्यांतील कांहीं विजय असे होते कीं, आघाडी आधीं त्यानेंच घालविली आणि मग त्याच्या फलंदाजांनीं ती परत मिळवून दिली. हा अन्याय्य हिशेब शिकागो येथील वार्ताहर जेरोम होल्ट्झमन याला खुपला. हातीं आलेली आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्याच्या नांवें ‘सेव्ह’ मांडण्याची पद्धति त्यानें १९६० सालीं सुचविली, आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. विल्हेल्मच्या नांवावर आज दिसणारे २२८ सेव्ह बहुतांशीं जुन्या नोंदींवरून मागाहून काढलेले आहेत. पिचर ज्या वेळीं ते कमावीत होता त्या वेळीं त्यांना नांवच नव्हतें.

नांव मिळालें तसा मान आला, आणि पैसाहि आला. पण आंकड्यानें आपला करहि वसूल केला. सेव्ह मिळतो तो सामना संपविणाऱ्यास. म्हणून १९८० नंतरच्या दशकांत सर्वोत्तम बदली पिचर नवव्या डावासाठीं राखून ठेवण्याची प्रथा दृढ झाली. सामन्याचा खरा कसोटीचा क्षण सातव्या डावांत येवो, तो वीर आपला नवव्याची वाट पाहत बसलेला! पनामाचा मारियानो रिव्हेरा हा या नव्या पद्धतीचा मुकुटमणि. त्यानें ६५२ सेव्ह मिळविले. त्याची थोरवी निर्विवाद आहे. तथापि १,११५ सामन्यांत त्याच्या वाट्याला सुमारें १,२८४ डाव आले, तर विल्हेल्मनें त्याहून थोडक्या सामन्यांत २,२५४ डाव फेकले. विल्हेल्मनें आरंभ केलेले ५२ सामने वजा घातले तरी दोन पिढ्यांच्या कामांतील अंतर स्पष्ट दिसतें.

कूपर्सटाउन येथील कीर्तिमंदिरानें या दोघांना कसें स्वीकारलें हेंहि बोधप्रद आहे. २०१९ सालीं रिव्हेरा पहिल्याच खेपेस सर्वच्या सर्व ४२५ मतांनीं निवडला गेला. विल्हेल्म तेथें प्रवेश मिळविणारा पहिला बदली पिचर. त्याला मात्र १९८५ सालीं, आठव्या खेपेस प्रवेश मिळाला. मतदारांना सेव्हची ओळख होती, पण विल्हेल्मचें बरेंचसें काम त्या मापांत बसणारें नव्हतें. चवथ्या डावांत येऊन बुडणारा सामना सांवरणें व दुसऱ्या दिवशीं तेंच पुन्हां करणें, याला आजहि स्वतंत्र रकाना नाहीं. मापावांचून न्याय होत नाहीं हें खरें. परंतु माप हातीं आल्यावर त्यांत न मावलेलें काम कोणाचें, हें पाहण्याची जबाबदारी मोजणारावर राहतेच. २००२ सालीं विल्हेल्म वारला, तोंपर्यंत सेव्हचा आंकडा सर्वतोमुखीं झाला होता. त्याच्या कामाची खरी मोजणी मात्र त्याच्या डावांचा हिशेब उघडून पाहणारासच करतां येते.