मोरीचा ताळेबंद

मराठी माणसाच्या घरात सगळ्यात उशिरा शिरलेली खोली म्हणजे बाथरूम. देवघर होतं, माजघर होतं, कोठीची खोली होती, बाळंतिणीचीसुद्धा खोली होती. पण ज्या कामासाठी माणसाला दिवसातून निदान एकदा तरी एकांत लागतो, त्या कामासाठी आपल्या पूर्वजांनी खोली बांधली नाही, नुसती दिशा ठरवून दिली. जुने शब्दच बघा ना. परसाकडे जाणे. बहिर्दिशेला जाणे. किंवा मोघमपणे 'बाहेर जाऊन येतो'. यातला एकही शब्द जागेचं नाव नाही. सगळे पत्ते, आणि तेही अपुरे. असा पत्ता लिहिलेला फॉर्म आमच्या बँकेत आला, तर मी तो काउंटरवरूनच परत करीन.

आंघोळीचं त्या मानाने बरं होतं. वाड्यात न्हाणीघर होतं, चाळीत मोरी होती. पण मोरी ही काही खोली नव्हे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला वीतभर कठडा घातला की झाली मोरी. तिथेच भांडी, तिथेच धुणं, तिथेच आंघोळ. आणि घरातल्या बायकांच्या आंघोळी चालू असताना पुरुषांनी गॅलरीत उभं राहून समोरच्या चाळीकडे पाठ करून पेपर वाचायचा, हा त्या काळचा एकांत.

हे संशोधन मी ग्रंथालयात बसून केलेलं नाही. मी साधा बी.कॉम. आहे. आमच्या वेळी इतिहासाचा संबंध सातवी-आठवीतच सुटला आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मी आणि आमच्या हिने ट्रॉम्ब्याच्या घराची बाथरूम स्वतःच्या हातांनी फोडली, आणि फरशीखालून जे निघालं ते इतिहासच होतं.

स्वतःच्या हातांनी का, तर आईचे गुडघे. आईला आता उकिडवं बसवत नाही आणि बाथरूमचा उंबरा ओलांडताना ती देवाचं नाव घेते. एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने भिंतीवर बोटाने टकटक करून, डॉक्टरसारखं तोंड करून एक आकडा सांगितला. त्या आकड्यात माझं लग्न तीनदा झालं असतं. तो गेल्यावर ही म्हणाली, "अहो, आपणच करू."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे तुम्ही आणि मी. मोबाइलवर सगळं दाखवतात. आई लक्ष ठेवतील."

आईने पॅसेजमध्ये खुर्ची टाकली आणि त्याच दिवशी साइट सुपरवायझरचा चार्ज घेतला.

घर तळमजल्यावरचं आणि जुनं, त्यामुळे प्रत्येक मालकाने आधीची फरशी न काढता वर आपली चढवलेली. आमच्याकडे लेजरमध्ये चुकीची नोंद खोडत नाहीत, खाली नवी करतात, तसंच हे. वरच्या थरात वडिलांनी बसवलेल्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स. त्या ओल्या झाल्या की इतक्या गुळगुळीत होत की आमच्या घरी पाहुणे आंघोळीला जाताना निरोप घेऊन जात. त्यांच्याखाली मोझेक, हिरव्या-काळ्या खड्यांचं. आणि सगळ्यात खाली शहाबादी. गुलबर्ग्याजवळचं शहाबाद हे मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावरचं गाव. तिथला दगड पातळ थरांत सुटतो, गाडीत चढवता येतो आणि पायाला घसरत नाही. अख्ख्या मुंबईच्या मोऱ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. आईने शहाबादी बघितली आणि म्हणाली, "हीच ठेवा की. तीन पिढ्या फिरून तिथेच आलात."

पण नुसती फरशी म्हणजे बाथरूम नव्हे. आधी घरात पाणी यावं लागतं, आणि पाणी घरात येण्याचा इतिहास फार जुना नाही. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजचं पाणी बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत आणलं. पण ते हौदापर्यंत. तिथून घरापर्यंतचा नळ म्हणजे घरातली बाई आणि तिच्या कमरेवरची घागर. मुंबई विहिरी, तलाव आणि भिस्त्यांच्या पखालींवर जगत होती. 1860 साली विहार तलाव पुरा झाला आणि लोखंडी नळातून पाणी शहरात आलं. मग 1879 साली तुळशी. 1891 साली पवईचा तलाव बांधला, आणि त्याचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही असं निघालं. सरकारी कामात हे पूर्वीपासून आहे, हे वाचून मला बरं वाटलं. लगेच 1892 साली तानसा आला आणि शहराने श्वास घेतला. 1957 साली वैतरणेवरचा मोडकसागर. त्याला नाव दिलं ते ना. वि. मोडक या पालिकेच्या इंजिनिअरचं. पुढाऱ्याचं नव्हे, इंजिनिअरचं! मुद्दाम सांगतो, कारण असं फार वेळा होत नाही.

हे सगळं पाणी आधी शहराला. ट्रॉम्बे तेव्हा मुंबईत नव्हतंच. जुन्या नकाशात ते वेगळं बेट म्हणून दाखवतात. कोळीवाडा, खाडी, मिठागरं आणि मागे डोंगर. इंग्रज खलाशांना तो डोंगर बैलाच्या जिभेसारखा दिसला, म्हणून त्यांनी त्याला तसंच नाव दिलं. उपनगरं महापालिकेत आली 1950 साली. आणि मग गंमत अशी झाली की, आमच्या बाथरूमच्या नळाला वेळेवर पाणी यायच्या कितीतरी आधी, ट्रॉम्ब्यात एक आंघोळ जगभर गाजली.

ती अप्सरेची. 4 ऑगस्ट 1956 रोजी इथल्या अणुशक्ती केंद्रात देशातली पहिली अणुभट्टी चालू झाली. तिची जातच 'स्विमिंग पूल' म्हणून ओळखली जाते. सुमारे आठ मीटर खोल पाण्याचा हौद आणि त्यात सोडलेलं युरेनियम. भट्टी चालू झाली की पाण्यात निळा उजेड पसरतो. पुढच्या जानेवारीत पंडित नेहरूंनी तिचं नाव अप्सरा ठेवलं. ही अप्सरा 2009 सालापर्यंत पाण्यात उभी होती, आणि 2018 साली तिची नवी आवृत्ती आली. हौद पाण्याने का भरायचा? एक तर भट्टी थंड राहते, आणि दुसरं म्हणजे पाणीच किरणोत्सर्ग अडवतं. वर उभा राहिलेला माणूस आणि खालची ती भयंकर वस्तू यांच्यामध्ये नुसता पाण्याचा पडदा.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या मोरीत अणुभट्टी कशाला आणली? मी नाही आणली. आमच्या हिने आणली. नळकामाचा चौथा व्हिडिओ बघून झाल्यावर ती मला जाळीखालचा तो वाकडा लोखंडी तुकडा दाखवत होती. त्याच्या पोटात नेहमी दोनेक इंच पाणी साचून राहतं आणि गटारातला वायू त्या पाण्याला अडून घरात येत नाही. "अहो, म्हणजे अप्सराच की ही," ती म्हणाली. "वरती आपण, खाली भयंकर वस्तू, मध्ये पाणी." ही युक्ती 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने पेटंट केली. नळाला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक दिला, बस्स. एवढ्या एका बाकामुळे संडास घरात येऊ शकला. एरवी तो परसातच राहिला असता आणि आपण अजून छत्री घेऊन पावसात गेलो असतो. आणि त्या मोरीतल्या तुकड्याला इंजिनिअर लोक काय म्हणतात ठाऊक आहे? नहाणी ट्रॅप. इंग्रजी पाठ्यपुस्तकात, सरकारी टेंडरात, सगळीकडे नहाणी ट्रॅप! आपल्या न्हाणीने इंग्रजीत एवढी मजल मारली, आणि आपण मात्र तिला बाथरूम म्हणायला लागलो. (गुजराती मंडळी या शब्दावर हक्क सांगतील. सांगू देत. जॉइंट अकाउंट उघडू.)

तर हा ट्रॅप तुंबलेला होता. तो मोकळा करायचा म्हणजे हात आत घालायचा. हिने कोपरापर्यंत प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि हात घातला. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ डोकावले. आम्हा दोघांना त्या अवस्थेत बघून त्यांनी आवाज खाली आणून मला विचारलं, "बँकेत काही प्रॉब्लेम झालाय का?"

हसण्यावारी नेलं. पण आई हसली नाही. तिचं माहेर पुण्यातलं, सोळा बिऱ्हाडांच्या वाड्यातलं. संडास मागच्या अंगाला, टोपलीचा, आणि त्याच्या मागे बोळात उघडणारं एक बुटकं दार. "रोज सकाळी ती बाई बोळातून यायची," आई म्हणाली. "डोक्यावर घेऊन जायची. कडी वाजली की आम्ही मुली आत पळायचो. लग्न होईपर्यंत मी त्या वाड्यात होते. तिचं नाव मला ठाऊक नाही."

जुन्या मुंबईतल्या इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिने आहेत. मी लहानपणी समजत असे की आग लागली तर पळायला. बऱ्याच ठिकाणी ते सफाई करणाऱ्याने घरातून न जाता मागच्या मागे वर चढावं म्हणून होते. आपला संडास घराच्या मागच्या टोकाला का, याचं उत्तर हवेत किंवा वास्तुशास्त्रात शोधू नका, त्या जिन्यात शोधा. 1888 सालच्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारीच 'हलालखोर कर' आहे. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. नाव एवढं इभ्रतीचं, आणि यायचं मात्र मागच्या दाराने. पुढे त्या कराचं नाव मलनिःसारण कर झालं. माणूस गेला, मल राहिला. माझा जन्म आकड्यांत गेला, पण असा हिशेब मी दुसरा पाहिला नाही.

एक गृहस्थ मात्र मागच्या दाराने आत शिरले, स्वतः होऊन. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं. तुरुंगवाल्यांनी नकार दिला, कारण अप्पासाहेब ब्राह्मण. हे काम त्या जातीच्या कैद्यांचंच, असा नियम. अप्पासाहेबांनी अन्न तोडलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळलं, तर डिसेंबरात त्यांनीही उपास धरला. पगारवाढीसाठी, बोनससाठी, बदली रद्द व्हावी म्हणून उपोषणं मी पाहिली आहेत, एकदोन मंडपांत बसलोही आहे. पण संडास साफ करू द्या म्हणून उपोषण? पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात स्वस्तातला संडास बनवला, ज्यात कुणाला काही डोक्यावरून वाहावं लागू नये. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 साली आला. तो पुरेना म्हणून 2013 साली दुसरा आला. आणि गटारात उतरलेली माणसं गुदमरल्याची बातमी अजूनही आतल्या पानावर चार ओळींत येते.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर चीता कॅम्प आहे. 1976 सालच्या मे महिन्यात, आणीबाणीत, जनता कॉलनी पाडून सुमारे 70,000 माणसं इथल्या दलदलीच्या जागेत आणून टाकली. त्या वस्तीचे पुढारी जॉकिन अर्पुथम. वस्तीतला कचरा कुणी उचलेना, तेव्हा त्यांनी पोराटोरांना घेऊन तो कचरा पालिकेच्या कचेरीपुढे नेऊन ओतला होता. नंतर त्यांच्या संघटनेने वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन मुंबई-पुण्यात सार्वजनिक संडासांच्या शेकडो जागा बांधल्या. पोरांसाठी वेगळी बैठी जागा ठेवली, कारण मोठ्यांच्या रांगेत पोरांना ढकलून देतात. ही गोष्ट नकाशा काढणाऱ्याला सुचत नाही, रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला सुचते. जॉकिन 2018 साली गेले. मी साडेचार बाय सहाच्या बाथरूमसाठी टाइल्सचा रंग निवडत होतो, तेव्हा सकाळी सहाच्या बसला तिथली रांग दिसायची. आकाशी की बदामी, हा प्रश्न मग मी हिच्यावर सोपवला.

बदामी आली. खरबरीत. उंबरा गेला, कमोड बसला, भिंतीला धरायला दांडा आला. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, मग उतार. मोरीत शेवटी खरी विद्या ती उताराचीच. पाणी कुणाचं ऐकत नाही, आणि एक इंच चुकला तर ते देवघराकडे निघतं. ही पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघायची, मी थापी धरायचो आणि आई खुर्चीवरून डाव्या कोपऱ्यात पाणी थांबणार असं सांगायची. अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून ठेवलं. तेवढे दिवस आमच्या आंघोळी त्याच शेजाऱ्यांकडे झाल्या, तेव्हा कुठे बँकेत प्रॉब्लेम नसल्याची त्यांची खात्री पटली. डाव्या कोपऱ्यात पाणी थांबलं नाही. आईला जरा वाईट वाटलं.

दार बसवलं तेव्हा आतून कडी लावायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. म्हातारं माणूस, आत काही झालं तर? आईने दाराकडे बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं.

"कडी कुठाय?"

"आई, अहो तुमच्यासाठीच..."

"सोळा बिऱ्हाडांत एक संडास होता आमच्या वाड्यात," आई म्हणाली, "पण त्याला कडी होती."

दुसऱ्या दिवशी मी बाहेरूनही उघडेल अशी कडी आणून बसवली. आई टॉवेल घेऊन आत गेली. कडी वाजली. पाण्याचा आवाज सुरू झाला. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. हिने माझ्याकडे बघितलं, मी दारावर हलकेच टकटक केलं.

"आई, ठीक आहे ना?"

"ठीक आहे," आतून आवाज आला. "बाहेर कोणी रांगेत आहे का?"

"नाही."

"मग बसू दे की जरा."